ॲम्बॅसिडरचं 1489 इंजिन बांधताना: आतले पार्ट कसे निवडले

इंजिन उतरवून खोललं, पार्ट टेबलावर मांडले, की पहिली घाई होते पिस्टन-रिंगचा सेट आणायची. ती आवरली. पार्टची यादी मापं घेतल्यावर तयार होते. आणि मापं घेऊन झाल्यावरही क्रम असा: पार्ट आधी हातात, त्याचं माप आपल्या मायक्रोमीटरवर, मग मशीनिंग. आपल्याकडे उलटं चालतं. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे टाकायचा, तो सांगेल त्या मापाचा सेट शोधत फिरायचं. पार्ट सरसकट मिळत होते तेव्हा ते चालून गेलं. आता नाना पेठेत किंवा ऑपेरा हाऊसला जुन्या मालातला एखादाच सेट निघतो, नाहीतर कोलकात्याला मल्लिक बाजारात फोन करावा लागतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, एकदा मोठा झाला की मागे येत नाही.

दुकानात 'ॲम्बॅसिडरचा पिस्टन' एवढंच सांगून भागत नाही. उत्तरपाड्याच्या या गाडीत बीएमसीचं बी-सिरीज पेट्रोल इंजिन होतं, त्याच 1489 सीसीचं डिझेल होतं, आणि नव्वदच्या दशकात इसुझूची इंजिनं आली. पेट्रोल आणि डिझेल 1489 चा बोअर सारखाच, 73.025 मिलिमीटर, म्हणजे 2.875 इंच. स्ट्रोक 88.9 मिलिमीटर. त्यामुळे डब्यावरचं बोअरचं माप जुळतं आणि आत पिस्टन निघतो डिझेलचा. हाच पेट्रोल ब्लॉक इंग्लंडमध्ये एमजीए 1500 या स्पोर्ट्स गाडीत होता, म्हणून तिकडचे काही पार्ट इथे बसतात. पण त्या गाडीचं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 8.3, आपलं 7.2. बाहेरून पिस्टन मागवायचा तर माथ्याचा आकार आणि गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेच्या) मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आधी विचारून घ्यावी.

मापांच्या आधी धुलाई. ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे पितळी प्लग काढल्याशिवाय ती धुतली असं म्हणता येत नाही. क्रँकमधली तिरकी भोकंही तशीच. तिथे वर्षानुवर्षांचा काळा गाळ घट्ट बसलेला असतो आणि नवीन बेरिंग खायला तेवढा पुरतो. तारेने खरवडून, रॉकेलने धुऊन, हवा मारून प्रत्येक भोकातून आरपार उजेड दिसेपर्यंत पुढचं काम थांबवलं.

आता बोअर. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर 020 असा ठसा होता, म्हणजे ब्लॉक एकदा वीस थाउ मोठा झालेला. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ही गाडी इंचातली आहे, तिचं काम इंचातच करावं. बोअर डायल गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने आणि तिला आडवं असं फिरवलं. खाली, जिथे रिंग पोचत नाही, तिथे 2.895 इंच. वर, काठाच्या जेमतेम खाली, सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये 2.903. आठ थाउ झीज. सात-आठ थाउच्या पुढे नुसत्या रिंग बदलून गाडी चालवण्यात अर्थ नसतो. वरच्या टोकाला जो न झिजलेला काठ उरतो त्यावर नवीन रिंगची धारदार कड आपटते आणि पहिली रिंग तुटते. 'रिंग टाकली तरी महिन्याभरात धूर' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

मग तीस थाउ की चाळीस? तीस थाउचा बोअर म्हणजे 2.905. झीज 2.903 पर्यंतच गेलेली, तेव्हा वरवर पाहता तीस पुरेसं वाटतं. पण झीज चारही बाजूंनी सारखी नसते. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो ती बाजू जास्त खाल्ली जाते, आणि बोअरिंग मात्र मूळ मध्यबिंदू धरूनच करावं लागतं, नाहीतर सिलिंडर क्रँकच्या रेषेतून सरकतो. 2.895 वरून 2.905 केलं तर प्रत्येक बाजूने फक्त पाच थाउ निघतात. एका बाजूची झीज त्याहून खोल असेल तर तिथे चट्टा राहतो. आठच्या आठ थाउ एकाच बाजूला आहे असं धरलं, तर साफ व्हायला 2.911 लागेल. म्हणून चाळीस: 2.915. बोअरिंगवाल्याला 'खालच्या न झिजलेल्या भागावरून सेंटर धर' हे वाक्य स्पष्ट सांगितलं. वरून धरलं तर सेंटर झिजलेल्या बाजूला ओढलं जातं.

चाळीस थाउला क्षमता 1531 सीसीच्या आसपास जाते, कॉम्प्रेशन 7.2 वरून साधारण 7.4 होतं. एवढ्याने गाडी पळायला लागत नाही, आणि तो हेतूही नाही. स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची लोखंडी नळी) ठोकून स्टँडर्डवर यायचा दुसरा पर्याय होता. तो पुढच्या वेळेसाठी राखला, कारण स्लीव्ह बसवायलाही भिंतीतून मटेरियल काढावंच लागतं आणि या ब्लॉकची भिंत चाळीसला अजून चांगली आहे. साठ थाउचे पिस्टन कोणी देऊ केले तरी आम्ही घेत नाही. तिथे हेड गॅस्केटचं भोक आणि बोअर यांत जागा उरत नाही. गॅस्केटची कड आत डोकावली की तापून लाल होते आणि स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवते.

सेट आल्यावर डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. काही सेट मिलिमीटरच्या मापात येतात: 'एक मिलिमीटर ओव्हरसाइज'. चाळीस थाउ म्हणजे 1.016 मिलिमीटर, फरक सोळा मायक्रॉन, म्हणजे सहा दशांश थाउपेक्षा थोडा जास्त. पिस्टनची सगळी फटच दोन थाउ असते, त्यात हा फरक मोठा. प्रत्येक पिस्टन स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या भिंतीच्या, तळाशी, गजन पिनला काटकोनात मापला, त्यावर सिलिंडरचा नंबर टाकला आणि बोअर त्या-त्या पिस्टनला दोन थाउ फट ठेवून करायला दिला. मूळ पुस्तकी माप स्कर्टच्या तळाशी 1.7 ते 2.3 थाउ आहे. हे साध्या ओतीव पिस्टनसाठी. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला फट जास्त लागते, आणि थंड इंजिनावर तो खडखडतो. पन्नास हॉर्सपॉवरच्या आगेमागे असलेल्या या इंजिनाला फोर्ज्ड पिस्टन कशासाठी, हे आम्हाला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

चारही पिस्टन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलले. चार ग्रॅमच्या आत फरक असेल तर हात लावायचा नाही. जास्त असेल तर जड पिस्टनच्या आतून, पिनच्या गाळ्याखालच्या जाड भागातून थोडं काढायचं. स्कर्ट आणि माथ्याला स्पर्श नाही.

गजन पिन या इंजिनात वेगळ्या जातीची आहे. ती सर्क्लिपने अडवलेली नसते. कनेक्टिंग रॉडचा वरचा डोळा चिरलेला असतो आणि एक बोल्ट तो पिनेवर आवळतो; पिनेच्या मध्यावर त्या बोल्टसाठी खाच असते. पिस्टनबरोबर आलेल्या पिनेला ही खाच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावं. नवीन बोल्ट, नवीन स्प्रिंग वॉशर, 25 फूट-पौंड. हा बोल्ट सैल झाला की पिन बाजूला सरकते आणि सिलिंडरच्या भिंतीत उभी चर पाडते. चाळीसच्या बोअरला अशी चर पडली की पुढे स्लीव्हच.

रिंग: तीन कॉम्प्रेशनच्या, एक ऑइलची. वरची रिंग क्रोमची घ्यावी की साध्या ओतीव लोखंडाची यावर वाद होतात. क्रोम धुळीत जास्त टिकते, पण होनिंग (बोअरच्या भिंतीची शेवटची बारीक घासाई) नेमकं नसेल तर ती भिंतीशी बसतच नाही आणि गाडी कायम ऑइल पिते. ही गाडी रोज धावणारी टॅक्सी नाही. रविवारी निघणारी आहे. साधी घेतली. ती लवकर बसते आणि बोअरवरही दया करते. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून उलट्या धरलेल्या पिस्टनने ढकलून सरळ केली आणि टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली: आठ ते तेरा थाउ. कमी निघाली तिथे टोक बारीक कानशीने सरळ घासलं. ही फट शून्य झाली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरमध्ये अडकते. दोन-चार थाउ जास्त असली तर फारसं बिघडत नाही. खाचेतली उभी फट दीड ते साडेतीन थाउ. दुसरी आणि तिसरी रिंग निमुळत्या कडेची असते. तिच्यावरचा 'टी' किंवा 'टॉप' वरच हवा, उलटी बसली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ओढते.

क्रँकवर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जावाच. जर्नल म्हणजे क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग. मेन जर्नल मूळ दोन इंचाचं, रॉडचं 1.876. क्रँक आधीच दहा थाउ ग्राइंड झालेला होता आणि रॉडच्या जर्नलना दीड-दोन थाउ लंबगोलपणा आलेला. म्हणून वीस. मेन 1.980, रॉड 1.856. इथेही शेल, म्हणजे बेरिंगच्या अर्धगोल पाकळ्या, आधी घेतले. 0.50 मिलिमीटरचा शेल आणि वीस थाउचा शेल हे एक नव्हेत, 0.3 थाउचा फरक असतो. वीस थाउ ग्राइंड केलेल्या क्रँकवर अर्ध्या मिलिमीटरचा शेल टाकला तर फट तेवढी वाढते. अशा दोन-तीन छोट्या चुका एका बाजूला जमल्या की गरम इंजिनावर ऑइलच्या दाबाचा काटा खाली येतो.

ग्राइंडिंगवाल्याला आकड्याइतकीच महत्त्वाची सूचना: जर्नलच्या दोन्ही टोकांना मूळची गोलाई तशीच ठेव. चाकाची कड धारदार असली की कोपरा काटकोनात निघतो, आणि क्रँक तुटतो तो बरोबर त्या कोपऱ्यातून. या इंजिनाला मेन बेरिंग तीनच आहेत, दोन बेरिंगांमध्ये क्रँक बराच लांब मोकळा राहतो. ग्राइंडिंगनंतर भोकांच्या कडा हाताने मोडल्या आणि क्रँक पुन्हा धुतला. खडूसारखी पांढरी भुकटी भोकांतून निघतेच.

मधल्या मेनच्या दोन्ही अंगांना थ्रस्ट वॉशरच्या अर्ध्या चकत्या असतात, एकूण चार. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याच्या इंजिनात या हमखास झिजलेल्या मिळतात, कारण क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो. क्रँकची पुढे-मागे हालचाल दोन ते तीन थाउ हवी. जास्त निघाली तर तीन थाउ जास्त जाड वॉशर घ्यायचे. चकतीवरच्या ऑइलच्या खाचा बेरिंगकडे नव्हे, क्रँककडे तोंड करून. उलट्या बसलेल्या चकत्या आम्ही इतक्या इंजिनांत पाहिल्यात की आता काढतानाच आधी तेच बघतो.

कनेक्टिंग रॉड बदलायचे नसले तरी तपासायचे. यांची बिगएंड, म्हणजे क्रँकवर बसणारं खालचं टोक, तिरपी चिरलेली असते, म्हणजे रॉड बोअरमधून वर काढता येतो. डोळा एका बाजूला सरकलेला असल्याने पहिला-तिसरा एका जातीचा, दुसरा-चौथा दुसऱ्या. अदलाबदल झाली तर रॉड क्रँकच्या गालाला घासतो. खरी भीती जुन्या 'जुगाडा'ची. बेरिंग सैल झालं की कॅपची कड कानशीने घासायची किंवा शेलच्या मागे पत्रा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटाचा कागद घालायचा, हे प्रकार या गाड्यांमध्ये सर्रास झालेत. कॅप शेलशिवाय पूर्ण आवळून डोळ्याचा व्यास तीन दिशांनी मापला. लंबगोल निघेल तो रॉड टाकून द्यावा. तिरप्या चिरेमुळे तो घासून गोल करणं सरळ कॅपइतकं सोपं नाही. बांधताना रॉडचे बोल्ट 35 फूट-पौंड, मेन 70, हेड 50. मुडपायच्या लॉक वॉशर प्रत्येक वेळी नव्या. एकदा वाकवलेला कान दुसऱ्यांदा तुटतो. बेरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर रुंदीवरून फट दाखवणाऱ्या मऊ धाग्याने) पाहिली. दीड थाउच्या आसपास आली की समाधान मानतो.

मागच्या मेनला ऑइल सील नाही. क्रँकवर उलटे आटे आहेत, ते ऑइल परत आत ढकलतात, बस. त्यामुळे मागून ऑइल गळण्याचा उपाय मागे नसतोच: रिंग नीट बसल्या नाहीत किंवा ब्रीदरची (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी) नळी तुंबली, की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मागून क्लचवर येतं. खालच्या ऑइलच्या टाकीच्या टोकांना, बेरिंग कॅपच्या खाचेत बसणाऱ्या बुचाच्या पट्ट्या मात्र नव्या आणि किंचित उंच हव्यात.

कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्याचा धक्का पुशरॉडला देणारा तुकडा) यांची निवड एकत्रच. टॅपेटचा तळवा सपाट दिसतो पण किंचित फुगीर असतो, त्यामुळे तो चालताना स्वतःभोवती फिरतो. तळव्यावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं: मध्ये फट दिसली, म्हणजे तळवा खोलगट झालेला. असा टॅपेट नव्या कॅमला काही तासांत खातो. जुना कॅम ठेवायचा असेल तर जुने टॅपेट त्याच जागी, नंबर टाकून. इथे चार तळवे खोलगट होते, म्हणून दोन्ही नवीन. कॅम मूळ प्रोफाइलचाच घेतला. जास्त लिफ्टचा कॅम वरच्या आरपीएमला ताकद देतो, आणि ही गाडी टॉप गिअरमध्ये तीसच्या वेगाने चढ चढण्यासाठी आवडते. पुशरॉड काचेवर लोळवले, डुगडुगणारा बाजूला.

हेडमध्ये पेट्रोल बदलल्याचा हिशेब येतो. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिसं एक्झॉस्ट सीटवर, म्हणजे वॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो तिथे, पातळ थर धरून असायचं. ते गेल्यावर ओतीव लोखंडाची मूळ सीट हळूहळू खाली बसते. ओळखायची खूण सोपी: एक्झॉस्टचा टॅपेट गॅप दर वेळी कमी भरत असेल तर सीट बसतेय. म्हणून एक्झॉस्टला कडक सीटचे रिंग बसवून घेतले, इनलेट तसेच ठेवले. मशीनिंगच्या आधी हेडवर तडे दाखवणारा रंग (डाय) मारून तडे पाहिले, मधल्या दोन सिलिंडरांपाशी विशेष. हेडला इनलेटची दोन आणि एक्झॉस्टची तीन तोंडं असतात. दुसऱ्या-तिसऱ्याचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर पडतो आणि तो भाग सर्वांत जास्त तापतो. वॉल्व्ह नवे, गाइड (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) ओतीव लोखंडाचे, एक्झॉस्टला दोन ते तीन थाउ फट, इनलेटला अर्धा थाउ कमी. वॉल्व्हच्या दांड्यावरचं छोटं रबरी पॅकिंग विसरलं तर घाट उतरताना पाय काढल्यावर निळा धूर येतो आणि दोष रिंगच्या माथी मारला जातो.

कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासलं नाही, फक्त सपाट करण्यापुरतं घासलं. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर 8.3 चालेलही, पण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. कार्बोरेटर सोलेक्स असो वा एसयू, जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह तापतो. आधी जेट, मग बाकी हौस.

रॉकर शाफ्ट खालून खाल्लेला असतो, वरून गुळगुळीत दिसतो, फिरवून पाहावा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फिलर गेज खड्ड्यावरून पूल बांधतं आणि पंधरा थाउ लावूनही खरी फट वीस राहते.

ऑइल पंप कुठलाही असो, उघडून मापला. आतल्या दोन रोटरमध्ये सहा थाउपर्यंत, बाहेरचा रोटर आणि बॉडीत दहापर्यंत, वरची फट पाचपर्यंत. त्यापुढे पंप नवा. बसवताना ऑइलने भरून. टायमिंग चेन नवी आणि दोन्ही चक्रंही नवी. झिजल्या दातांवर नवी चेन तितक्याच लवकर लांबते.

ऑइल साधं मिनरल 20W-50. नव्या ऑइलमध्ये फॉस्फरस कमी केल्याने कॅम खातो असं ऐकायला मिळतं. ती मर्यादा पातळ ग्रेडना आहे, 20W-50 ला नाही. कॅमच्या नाकांवर असेंब्लीची घट्ट पेस्ट, बेरिंगला ऑइल. स्पार्क प्लग काढून, स्टार्टरवर फिरवून, दाबाचा काटा हलल्यावरच प्लग लावले. पहिल्यांदा सुरू झालं की आयडलवर सोडायचं नाही: दोन हजारच्या आसपास वीस मिनिटं, कारण टॅपेटच्या तळव्याला ऑइल उडून मिळतं आणि मंद चालीवर ते कमी उडतं. नंतर रस्त्यावर, वेग कमी-जास्त करत, मध्यम भार देत. रिंग दाबाने बसतात, गोंजारून बसत नाहीत. गरम इंजिनावर चालताना 50 पौंडांच्या आगेमागे दाब दिसला.

पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला, थंड इंजिनावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा 50 ला आणले. गॅस्केट दबल्याने हेड किंचित खाली येतं आणि टॅपेटची फट कमी होते, म्हणून त्यानंतर इंजिन गरम करून आठही टॅपेट परत पंधरा थाउला लावले.